विमानांच्या शर्यती कशासाठी होत्या?

वरळी कोळीवाड्यातून आम्ही बोलतोय. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायांना विमानांच्या शर्यतींचं काय पडलंय? आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पण या विषयाची सुरुवात आमच्या गटाच्या बैठकीतल्या एका भांडणापासून झाली. म्हणून आधी ते भांडण सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाने जवळा आणि सुके बोंबील पाकिटांत भरून एका दुकानदाराला दिले होते. श्रावणापर्यंत अर्ध्याहून जास्त पाकिटं परत आली. आतल्या मालाने ओल धरली होती, वास येत होता. दुकानदाराचं काही चुकलं नव्हतं, चूक आमचीच होती. काय चुकलं यावर मात्र कुणाचं एकमत नव्हतं. कुणी म्हणे ऊन कमी पडलं, कुणी म्हणे मीठ कमी झालं, कुणी म्हणे पिशवीच पातळ होती.

या वर्षी बैठकीत एकीने सुचवलं, आपण स्पर्धा ठेवूया. वाड्यातल्या ज्या बाईचं पाकीट पावसाळाभर चांगलं राहील तिला गटाच्या पैशांतून तीन हजार रुपये बक्षीस देऊया. झालं! आमच्यातल्या सगळ्यात जुन्या मावशी उसळून म्हणाल्या, "मेहनत सगळ्यांनी करायची आणि पैसे एकीनेच न्यायचे? ही कसली रीत? त्यापेक्षा त्या पैशांत पिशव्या चिकटवायचं मशीन येईल." निम्म्या बाया मावशींच्या बाजूला, निम्म्या स्पर्धेच्या. तेवढ्यात एका सदस्येची कॉलेजात जाणारी मुलगी बोलली, "विमानसुद्धा अशाच बक्षिसांमुळे मोठं झालं." मावशी म्हणाल्या, "मग सांग की कसं ते!"

तिला नीट सांगता येईना. म्हणून आम्ही दोघी-तिघींनी पुस्तकं धुंडाळली आणि जे सापडलं ते आधी गटाला सांगितलं. तेच आज तुम्हाला सांगतो आहोत.

शर्यत म्हणजे नेमकं काय असायचं?

विमान उडवण्याचा पहिला यशस्वी प्रयोग राईट बंधूंनी अमेरिकेत १९०३ साली केला. त्यानंतर काही वर्षं बहुतेक लोकांना विमान म्हणजे श्रीमंतांचं खेळणं वाटत असे. लाकडाची चौकट, त्यावर ताणलेलं कापड आणि मध्ये एक धूर ओकणारं इंजिन. त्यावर कुणी पैसे का लावावेत? सरकारांनाही खात्री नव्हती, कारखानदारांनाही नव्हती.

अशा वेळी बक्षिसं पुढे आली. लंडनच्या 'डेली मेल' या वर्तमानपत्राने इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधला समुद्र विमानाने पार करणाऱ्याला एक हजार पौंड जाहीर केले. २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओ हा फ्रेंच माणूस साधारण ३७ मिनिटांत तो समुद्र ओलांडून गेला. दुसऱ्या दिवशी जगभर एकच चर्चा होती, की आता समुद्रसुद्धा आडवा येत नाही.

पुढच्याच महिन्यात फ्रान्समधल्या रेंस या गावाजवळ विमानांची पहिली मोठी जत्रा भरली. 'जत्रा' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. आठवडाभर माणसं लोटत होती, बसायला मोठमोठे मांडव होते, खाण्यापिण्याची सोय होती. मैदानाच्या कोपऱ्यांवर उंच खांब उभे केले होते. त्या खांबांना बाहेरून वळसा घालत विमानाने फेऱ्या मारायच्या. खांबाच्या आतून गेलात तर फेरी बाद. वीस किलोमीटरच्या मुख्य शर्यतीत अमेरिकेच्या ग्लेन कर्टिसने ब्लेरिओला हरवलं, तेही सहा सेकंदांपेक्षा कमी फरकाने. वेग होता ताशी साधारण ७५ किलोमीटर. आज आपल्या सी लिंकवरून गाड्या जेवढ्या वेगाने जातात, जवळजवळ तेवढाच! पण त्या काळी ते पाहताना माणसांचा श्वास अडकत असे.

त्या गर्दीत नुसते हौशी लोक नव्हते. सैन्याचे अधिकारी होते, कारखानदार होते, मंत्रीही होते. कुठलं यंत्र वळताना डगमगतं, कुठलं इंजिन तापून बंद पडतं, कोण दहा फेऱ्या मारूनही सुखरूप उतरतं, हे सगळं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होत होतं. विमान बनवणारा बंद खोलीत कितीही फुशारकी मारो, मैदानावर खरं काय ते दिसायचंच.

पुढे शर्यतींचे तीन मुख्य प्रकार रूढ झाले. पहिला, खांबांभोवती फेऱ्या मारत निव्वळ वेगाची शर्यत. दुसरा, एका शहरातून दुसऱ्या शहरात किंवा एका देशातून दुसऱ्या देशात जाण्याची लांब पल्ल्याची शर्यत. तिथे वेगापेक्षा टिकाव मोठा. तिसरा प्रकार आपल्याला आवडेल असा. त्यात हळू विमानाला आधी सोडतात आणि वेगवान विमानाला नंतर. विमानाची ताकद पाहून कुणाला किती मिनिटं आधी सोडायचं हे ठरवलेलं असतं. इंग्लंडमध्ये १९२२ पासून चालत आलेली 'किंग्ज कप' ही शर्यत अशीच होती. म्हणजे महागडं विमान आहे म्हणून कुणी आपोआप जिंकत नाही. ज्याच्या हाताशी जे आहे ते त्याने किती कौशल्याने चालवलं, हे बघितलं जातं.

नियम शहाणा असेल तर

शर्यतीचे नियम कुणी कसे केले यावर तिच्यातून काय निघणार हे ठरायचं. हे समजून घ्यायला पाण्यावरच्या विमानांचं उदाहरण घेऊ. आपण दर्याकाठच्या बाया, ते आपल्याला चटकन कळेल.

जाक श्नायडर नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी एक चषक ठेवला. त्यात पाण्यावरून उडणारी आणि पाण्यावरच उतरणारी विमानं भाग घेत. पहिली शर्यत १९१३ साली मोनाको इथे समुद्रावर झाली. विमानं नुसती वेगाने उडून चालत नसे. त्यांना पाण्यावर चालून दाखवावं लागे आणि पुढच्या काळात तर सहा तास नांगरून तरंगत ठेवली जात. आत पाणी शिरलं तर ते वजन तसंच घेऊन उडायचं. आपला नाखवा काय म्हणतो? होडी कितीही देखणी असो, गळत असेल तर ती होडी नव्हे. त्या चषकाचा नियमही हेच सांगत होता.

याच चषकाची आणखी एक गोष्ट आहे आणि ती एका बाईची आहे. १९३१ साली मंदीचे दिवस होते आणि ब्रिटिश सरकारने शर्यतीला पैसे द्यायला नकार दिला. तेव्हा ल्युसी ह्यूस्टन या श्रीमंत बाईने स्वतःच्या खिशातून एक लाख पौंड दिले. त्या वर्षी बाकीचे देश वेळेत तयार झाले नाहीत. ब्रिटिश विमान एकटंच उडालं, तरीही ताशी साधारण ५४७ किलोमीटर वेगाने उडालं. १९१३ च्या पहिल्या शर्यतीतल्या विजेत्याचा वेग होता ताशी साधारण ७३ किलोमीटर. अठरा वर्षांत केवढी ही झेप! ते विमान ज्यांनी आखलं त्या आर. जे. मिचेल यांनीच पुढे 'स्पिटफायर' हे लढाऊ विमान आखलं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या बचावात त्याचा मोठा वाटा होता.

आपल्या आकाशातली शर्यत

आता परदेशातून आपल्याकडे येऊ. वरळीच्या किल्ल्यापाशी उभं राहिलं की माहीमच्या उपसागरापलीकडे वांद्रे दिसतं. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने आणखी पुढे गेलं की जुहू. जुहूचं विमानतळ आजही आहे, तिथून हेलिकॉप्टर उडतात. १९२८ साली आपल्या देशात उड्डाण शिकवणारे क्लब सुरू झाले. मुंबईचा फ्लाइंग क्लब जुहूलाच होता. १० फेब्रुवारी १९२९ रोजी तिथे शिकलेल्या एका तरुणाला विमान चालवण्याचा परवाना मिळाला आणि त्यावर क्रमांक होता १. तो तरुण म्हणजे जे. आर. डी. टाटा.

त्याच वर्षाच्या अखेरीस आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केलं. जो भारतीय माणूस एकट्याने विमान चालवत इंग्लंडहून भारतात किंवा भारतातून इंग्लंडला ठरलेल्या मुदतीत पोहोचेल, त्याला पाचशे पौंड. त्या वेळच्या दराने साडेसहा हजारांहून थोडे जास्त रुपये झाले. पण एक गंमत बघा. या शर्यतीत जी 'जिप्सी मॉथ' विमानं उडाली, तसलं नवं विमान घ्यायला साधारण साडेसहाशे पौंड पडत. म्हणजे जिंकणाऱ्याचा विमानाचा खर्चसुद्धा बक्षिसातून निघत नव्हता! मग बक्षीस ठेवण्याचा हेतू काय? उड्डाण हे फक्त साहेबांचं काम आहे, ही समजूत मोडायची. भारतीय माणूसही एकट्याने एवढा पल्ला गाठू शकतो, हे सगळ्या जगासमोर दाखवायचं.

तीन तरुण पुढे आले. पहिले मनमोहन सिंग. हे आपले माजी पंतप्रधान नव्हेत, त्याच नावाचे वैमानिक. त्यांनी आपल्या विमानाला 'मिस इंडिया' असं नाव दिलं होतं. दुसरे कराचीचे अस्पी इंजिनीअर, वय अवघं १७. तिसरे जे. आर. डी., वय २५. मनमोहन सिंग आणि अस्पी इंग्लंडहून इकडे यायला निघाले, तर जे. आर. डी. कराचीहून तिकडे जायला निघाले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं.

या प्रवासाची कल्पना करून बघा. विमानाला वर छप्पर नाही, वारा सरळ तोंडावर. वेग ताशी साधारण १३५ किलोमीटर. जमिनीवरच्या माणसाशी बोलायला रेडिओ नाही. हातात नकाशा, समोर होकायंत्र आणि खाली जे दिसेल ती खूण. आपले जुने तांडेल किनाऱ्यावरचा डोंगर, देवळाचा कळस, पाण्याचा रंग बघून होडी आणायचे ना, तसंच. इराणचा किनारा, बसरा, बगदाद, वाळवंट, इजिप्त, मग भूमध्य समुद्र आणि युरोप. दर काही तासांनी उतरायचं, इंधन भरायचं, इंजिन स्वतः तपासायचं आणि पुन्हा निघायचं.

मनमोहन सिंग यांचे आधीचे प्रयत्न फसले. शेवटी ते इंग्लंडहून भारतात पोहोचले, पण नियमातल्या मुदतीत बसले नाहीत. एवढं अंतर एकट्याने कापूनही बक्षीस हुकलं.

राहिले दोघे. एक पूर्वेकडे येणारा, एक पश्चिमेकडे जाणारा. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर इथे जे. आर. डी. उतरले तर तिथे अस्पी अडकून पडलेले. त्यांच्या इंजिनाचे स्पार्क प्लग बिघडले होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग काढून त्यांना दिले. ज्याच्याशी शर्यत आहे त्यालाच! अस्पींनी त्या बदल्यात आपलं पाण्यात तरंगवणारं जाकीट जे. आर. डीं.ना दिलं, कारण जे. आर. डीं.ना पुढे समुद्र ओलांडायचा होता. मग दोघे आपापल्या दिशेने निघाले. ११ मे १९३० रोजी अस्पी कराचीला पोहोचले आणि अगदी थोड्या तासांच्या फरकाने त्यांनी बक्षीस जिंकलं.

हे ऐकून आमच्या बैठकीत मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दर्यात असंच असतं. दुसऱ्याची होडी बंद पडली तर आधी दोर टाकायचा, मग आपलं जाळं बघायचं." आम्हाला वाटतं, या शर्यतीबद्दल याहून नेमकं कुणी बोललं नसेल.

हरलेल्याला काय मिळालं?

मावशींचा मूळ प्रश्न मात्र तसाच होता. मेहनत सगळ्यांची, पैसे एकाला. बाकीच्यांच्या पदरात काय पडलं?

जिंकलेले अस्पी इंजिनीअर पुढे हवाई दलात गेले आणि १९६० साली भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. हरलेले जे. आर. डी. दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून एकट्याने निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट हे वैमानिक ते टपाल पुढे मद्रासकडे घेऊन गेले. ही आपल्या देशातली टाटांची हवाई टपाल सेवा. पुढे तिचीच एअर इंडिया झाली. ही सेवा त्या शर्यतीतूनच निघाली असं आम्ही म्हणणार नाही. तिची योजना व्हिन्सेंट आणि टाटा आधीपासून सरकारकडे मांडत होते. पण भारतीय माणूस हे करू शकतो का, हा प्रश्न मात्र १९३० नंतर कुणी विचारू शकत नव्हतं.

त्या सेवेची सुरुवातही ऐकण्यासारखी आहे. जुहूचं मैदान म्हणजे दर्याला लागून असलेली चिखलाची जमीन. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई. मग विमानं, वैमानिक आणि मिस्त्री असा सगळा संसार उचलून पुण्याला न्यावा लागे. आपल्याला पावसाळ्यात होड्या वर ओढून घ्याव्या लागतात, तसंच की! तरी पहिल्या वर्षात त्या छोट्या विमानांनी १५५ प्रवासी आणि सुमारे दहा टन टपाल नेलं.

म्हणजे हिशेब असा झाला. बक्षिसाचे पाचशे पौंड एकाच्या हातात गेले. पण वाट कुठली, इंधन कुठे मिळतं, कुठला भाग आधी बिघडतो, जादा काय बरोबर ठेवायचं, हे शहाणपण सगळ्यांचं झालं. शर्यतीतला खरा फायदा तोच. ते शहाणपण लपवून ठेवलं असतं तर मात्र बक्षीस खरंच वाया गेलं असतं.

बायांना मैदानात येऊ कोण देतं?

आता या गोष्टीची कडू बाजू. या शर्यतींत माणसं मेली, बरीच मेली. वेगाच्या हव्यासापायी कच्ची विमानं उडवली गेली, गर्दी जमवायला धोके पत्करले गेले. हे झाकून शर्यतींचं कौतुक करता येणार नाही. आणि बायांसाठी तर धोक्याच्या आधी दरवाजाच बंद होता.

ऑगस्ट १९२९ मध्ये अमेरिकेत बायांची पहिली मोठी विमान शर्यत झाली. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाहून क्लीव्हलँडपर्यंत, साधारण साडेचार हजार किलोमीटर, नऊ दिवस. भाग घ्यायला परवाना हवा आणि शंभर तास एकट्याने विमान चालवलेलं हवं. तरी आयोजकांमध्ये बोलणी सुरू झाली, की बायांना डोंगर ओलांडायला लावू नये, बरोबर पुरुष मिस्त्री द्यावा. बाया म्हणाल्या, तसं असेल तर आम्ही येतच नाही. मग नियम बदलला. विनोदी लेखक विल रॉजर्स यांनी या शर्यतीला पावडरच्या डबीतल्या फुलाचं नाव दिलं, 'पावडर पफ डर्बी'. गंमत म्हणून दिलेलं ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

वाटेत मार्व्हल क्रॉसन ही वैमानिक विमान कोसळून मेली. लगेच ओरड सुरू झाली, शर्यत थांबवा, हे बायांचं काम नव्हे. पुरुषांच्या शर्यतीत माणसं मेली तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं की हे पुरुषांचं काम नव्हे. बाकीच्या बाया रडल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उडाल्या. लुईझ थेडन हिच्या विमानात इंजिनाचा विषारी धूर आत येत होता. तिने बाहेरची हवा आत आणणारी एक नळी बसवली, तिला तोंड लावून श्वास घेत विमान चालवलं आणि मोठ्या विमानांच्या गटात ती पहिली आली. जगप्रसिद्ध अमेलिया इअरहार्ट तिसरी आली.

खरी गोष्ट तर पुढे आहे. शर्यत संपल्यावर या बायांनी ठरवलं, आपण एकत्र राहायचं. २ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळ त्यांची बैठक झाली. तेव्हा अमेरिकेत परवाना असलेल्या ११७ बाया होत्या, त्यांतल्या ९९ जणी सभासद झाल्या. म्हणून संघटनेचं नाव ठेवलं 'नाइन्टी नाइन्स', म्हणजे नव्व्याण्णव जणी. मैत्रिणींनो, हा बायांचा गटच झाला की! एकमेकींना नोकरीची माहिती द्यायची, अडचणीत मदत करायची. ती संघटना आजही चालू आहे.

त्या संघटनेची गरज लवकरच दिसली. १९३३ साली शिकागोच्या शर्यतीत फ्लॉरेन्स क्लिंगेनस्मिथ हिचा मृत्यू झाला आणि पुढच्या वर्षी बेंडिक्स या मोठ्या शर्यतीत बायांना बंदी झाली. बायांनी आवाज उठवला, बंदी उठली. १९३६ साली त्याच बेंडिक्स शर्यतीत लुईझ थेडन आणि ब्लांश नॉइज या दोघींनी एका विमानातून न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस अंतर १५ तासांच्या आत कापलं आणि सगळ्या पुरुषांना मागे टाकलं. आयोजकांनी 'पहिल्या येणाऱ्या बाईसाठी' एक वेगळं बक्षीस राखून ठेवलं होतं, कारण बाया शर्यत जिंकणार नाहीत असं गृहीतच धरलं होतं. या दोघींनी दोन्ही बक्षिसं नेली. आणि दुसरा नंबरही एका बाईचाच आला, लॉरा इंगल्स हिचा.

आपल्याकडेही प्रेम माथुर यांनी १९४९ साली राष्ट्रीय विमान शर्यत जिंकली. त्यांना नोकरी द्यायला अनेक विमान कंपन्यांनी नकार दिला होता. बाई विमान चालवते म्हटल्यावर प्रवासी घाबरतील, असं कारण सांगत. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना घेतलं. त्यांना नोकरी सहजासहजी मिळाली नाही. पण नाही म्हणणाऱ्यांना 'हिला येत नाही' असं म्हणायची सोय राहिली नाही.

आमच्या गटाने काय ठरवलं?

हे सगळं बैठकीत सांगून झाल्यावर आम्ही पुन्हा मूळ मुद्द्यावर आलो. स्पर्धा ठेवायची का? शेवटी ठेवायचं ठरलं, पण विमानांच्या शर्यतींकडून शिकून चार नियम केले.

पहिला नियम, परीक्षा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. प्रत्येकीने दोन सारखी पाकिटं द्यायची, त्यावर फक्त क्रमांक असेल, नाव नसेल. सगळी पाकिटं एकाच कपाटात ठेवायची आणि नारळी पौर्णिमेनंतरच्या बैठकीत एकत्र उघडायची.

दुसरा नियम, जिच्याकडे कमी आहे तिला तोटा होता कामा नये. जिच्या घराला गच्ची आहे आणि जी गल्लीत चटईवर माल वाळवते, त्या दोघींना एका मापाने मोजायचं नाही. पिशव्या सगळ्यांना गट देईल, सारख्याच.

तिसरा नियम मावशींचा. जिंकलेलीने आणि हरलेलीनेही, आपण काय केलं ते बैठकीत सांगायचं. किती दिवस ऊन दिलं, मीठ किती, पिशवी कधी बंद केली. जी सांगणार नाही तिला बक्षीस नाही. मावशी म्हणाल्या, "पैसे एकीला गेले तरी चालतील, पण अक्कल सगळ्यांना मिळाली पाहिजे."

चौथा नियम, बक्षीस तीन हजारांऐवजी दीड हजारांचं. उरलेले दीड हजार पाकीट बंद करायच्या मशीनसाठी बाजूला. यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

पाकिटं सध्या कपाटात आहेत. बावीस बायांची चव्वेचाळीस पाकिटं. बाहेर पाऊस धरलाय, होड्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली आहेत आणि येता-जाता प्रत्येक बाई कपाटाच्या काचेतून आपल्या क्रमांकाकडे एकदा बघून जाते. मावशींनी स्पर्धेला विरोध केला होता ना? सात नंबरचं पाकीट त्यांचं आहे, असं आम्हाला वाटतं. त्या मात्र कबूल करत नाहीत.

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही असं एखादं काम असेल, जे नेमकं कसं करावं यावर एकमत होत नाही. लोणच्याला बुरशी येते, पापड मोडतात, शेळीची पिल्लं दगावतात. पुढच्या बैठकीत हे तीन प्रश्न विचारून बघा. आपल्याकडे कुठल्या कामाची उघड परीक्षा घेता येईल? नियम असे कसे करायचे, की गरीब घरच्या बाईलाही भाग घेता येईल? आणि जिंकणारीकडून बाकीच्यांना काय शिकायला मिळेल?

कपाट उघडलं की काय निघालं ते आम्ही तुम्हाला याच कार्यक्रमात सांगू. तोपर्यंत नमस्कार.